गजराची वाट

चिमाजीसारखा शहाणा मूर्ख आख्ख्या सातपुरात दुसरा नसेल, आणि मी त्याचा शेजारी.

१९८२ साल. कारखान्यात तो टेंपररी होता आणि महिनाअखेर त्याला ब्रेक देऊन कामावरून कमी करणार होते. साहेब म्हणाले होते, "जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघात आलास, तर खेळाडू म्हणून कायम करतो." निवड स्पर्धेच्या शेवटच्या डावावर सगळं येऊन ठेपलं. जिंकला तर कायम, नाहीतर घरी.

स्पर्धेचं घड्याळ आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ऐकून एवढंच माहीत, की दोघांचा वेळ वेगळा मोजतात आणि दोन तासांत चाळीस चाली व्हायलाच हव्यात. मग आम्ही गजराची दोन घड्याळं फळीवर बांधली, एक त्याचं, एक माझं. मागचं झाकण काढून चाकात झाडूची काडी घातली की घड्याळ थांबायचं, काडी काढून हलवलं की चालायचं. वेळ संपली की गजर. त्याच्या थोडं आधी आतून खट्ट असा आवाज यायचा. चिमाजीचे कान त्याला इतके सोकावले, की तो घड्याळाकडे बघेनासाच झाला. खट्ट झालं की उरलेल्या चाली भराभर करून मोकळा. मला काय त्याचं कौतुक!

स्पर्धेत पंचांनी समजावलं, "चाल केली की बटण दाबा. वेळ संपत आली की ही लाल झेंडी उचलली जाते. पडली की डाव गेला." चिमाजीने मान डोलावली. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून पटाईत. आधीच्या डावांत समोरचे सगळे लवकर हरले, त्यामुळे झेंडीशी त्याची गाठच पडली नाही.

शेवटच्या डावात त्याच्याकडे एक हत्ती जास्त होता. चाळीस पुऱ्या व्हायला दोनच चाली राहिल्या होत्या, कुठल्याही चालल्या असत्या. झेंडी वर आलेली आणि हा डोळे मिटून निवांत! मला घाम फुटला. मी खोकलो, पुन्हा खोकलो. पंचांनी मला बाहेर काढलं. मी जाताना चिमाजीने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी खुशीत आहे.

दारातून मला झेंडी पडलेली दिसली.

"वेळ संपली," समोरचा म्हणाला.

"आसं कसं? वाजलं कुठं अजून?"

हॉलमध्ये हशा पिकला. त्या हसणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

एक तारखेला पहाटे पाळीवर जाताना मी त्याच्याकडे डोकावलो. तो भिंतीला टेकून बसला होता. तेवढ्यात फळीवरून सुटून परत कोनाड्यात गेलेलं घड्याळ वाजायला लागलं. चंद्रभागावहिनी ओशाळल्या.

"सवयीनं चावी दिली बघा, भावजी. आता पाळी नाय, ध्यानातच राह्यलं नाय."

त्या गजर बंद करायला उठल्या.

"ऱ्हाऊ दे," चिमाजी म्हणाला. "वाजू दे."

चावी संपेपर्यंत ते वाजत राहिलं आणि तो कान देऊन ऐकत बसला. त्याला कुठंच जायचं नव्हतं.