बांधावरचं सूप

मी एक जुनं, गोल सूप आहे, मित्रांनो. अमेरिकेत, कॅरोलायनातल्या खाडीकाठच्या गवतातून आणि ताडाच्या पट्ट्यांतून कुंबाआजीने मला विणलं. आजी समुद्रापलीकडे, आफ्रिकेत, स्वतःचं भातशेत कसत होती. तिला पकडून, जहाजात कोंबून इथे गुलाम म्हणून विकलं.

मालकाचा भात मी वर्षानुवर्षं पाखडला. पाखडताना बायका गाणी म्हणत. त्यांत मुकादमाची टर उडवलेली असे. त्याला त्यांची भाषा कळत नसे, म्हणून तोही तालावर मान डोलवी!

एका वर्षी पेरणीच्या दिवसांत त्या बायकांतल्या सीराला मुलगी झाली. सीरा धड उभीही राहू शकत नव्हती, तरी तिला शेतावर बोलावलं. तिने बाळाला माझ्यात निजवून बांधावर ठेवलं. नेमून दिलेला तुकडा संपल्याशिवाय बाळाजवळ फिरकायचं नाही, असा मुकादमाचा हुकूम होता. बाळ भुकेने रडरड रडलं. मग रडेनासंच झालं. मला फार भीती वाटली.

मुकादम झाडाखाली जेवायला बसला, तशी आजी पुटपुटली, "पोरींनो, बाळाचा आवाज येत नाही. सीराचा तुकडा आता आपला."

"आजी, माझाच अजून अर्धा पडलाय," फेंडा म्हणाली.

"मग तोंड आवर आणि हात चालव!"

आपापली ओळ संपवून एकेक बाई चिखलातून सीराच्या तुकड्यात सरकली. फेंडाही आली. मुकादम परतला तेव्हा तुकडा पेरून झाला होता.

"एवढ्यात?"

"बघून घ्या, साहेब," आजी म्हणाली.

त्याने शेतभर फिरून पाहिलं. खोट काढता येईना. "जा," तो सीरावर खेकसला. "आणि पोरीचं नाव मालकांनी नॅन्सी ठेवलंय."

सीरा धावली. बाळाने क्षीणपणे तोंड उघडलं, आणि मग चुटूचुटू दूध प्यायलं. आजी बाळाच्या कानाशी वाकली. "जेनेबा. तुझं नाव जेनेबा, बरं का!" पोट भरलेली पोर माझ्यात हसत झोपली.

मालकाने या बायकांना गुलामीतून सोडलं नाही. पण जेनेबा मोठी झाली. परसातली भेंडी आणि भात शिजला की तिची पोरं आता माझ्याभोवती गलका करतात. माझी कड उसवली आहे, तरी मी सुखात आहे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे: आपली ओळ संपली की लगेच घरी पळू नका. शेजारच्या ओळीकडे एकदा बघा.