मी चुकीचे सेकंद सांगितले

मी एक काचेची नळी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली. माझ्यातून तेल वाहायला किती सेकंद लागतात, त्यावरून त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, काढतात. रायपूरच्या एका कॉलेजात नऊ वर्षं मी हे काम अभिमानानं केलं. आता त्या अभिमानाचीच लाज वाटते.

आमच्याकडे अनुश्री संशोधन करायची. चौबे कॉलोनीतून स्कूटीनं यायची. जड कच्चं तेल डांबरासारखं दाट असतं. तापवल्याशिवाय पाइपातून सरकत नाही. कोणत्या तापमानाला ते किती दाट असेल, हे आधीच सांगता यावं म्हणून तिनं दोन वर्षं खपून एक सूत्र मांडलं. पडताळणीला मी होते.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मदतनीस श्यामरावांची बायको दवाखान्यात होती. मला धुण्याचं काम त्यांचं. घाईत ते अर्धवट राहिलं आणि तेलाचा पुसट थर माझ्या बारीक भागात चिकटला. मला तो जाणवत होता.

सूत्राप्रमाणे तीनशे सेकंद हवे होते. तेल अडखळत वाहिलं, तीनशे ऐंशी लागले. अनुश्रीनं तीनदा मोजलं. तीनदा मी तेच सांगितलं.

तिचे मार्गदर्शक नीलकंठ सर तिला म्हणाले, "नळीले काय स्वार्थ आहे, पोरी? तुझं सूत्रच चुकून राहिलं."

तिनं वाद घातला नाही. परिषदेला पाठवलेला शोधनिबंध परत घेतला आणि यायचीच बंद झाली. जाताना मला मात्र नीट जागेवर ठेवून गेली. तेच फार लागलं.

दीड महिन्यानं श्यामरावांनी माहीत असलेल्या दाटपणाचं तेल घालून सगळ्या नळ्या तपासल्या. मी चुकले. मला उजेडात धरल्यावर त्यांना तो थर दिसला. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण ते सरांकडे गेले.

"सर, ही नळी मीच धुतली होती. पोरीचं काही चुकलं नाही."

खोटं मी बोलले होते, कबुली त्यांनी दिली.

सर त्याच दुपारी अनुश्रीच्या घरी गेले, तिची माफी मागितली. तिनं येऊन दुसऱ्या नळीत तेच तेल मोजलं. उत्तर सूत्राच्या अगदी जवळ आलं. परिषद मात्र होऊन गेली होती. श्यामरावांना तिनं एवढंच विचारलं, "काकू आता कशा आहेत?"

श्यामराव मला फेकायला निघाले, तर तिनंच थांबवलं. माझ्यातला तो थर तसाच ठेवलाय. नवे विद्यार्थी आले की ती मला त्यांच्या हातात देते आणि नळी स्वच्छ आहे का, विचारते.

"एकदम साफ है, दीदी," ते म्हणतात.

पोरांनो, एकदा तरी कुणी 'नाही' म्हणा.