मातीला विचारून

या, जरा पुढे सरका. बुवांचा चहा व्हायचाय, पेटीवाला घाम पुसतोय, तेवढ्यात एक गोष्ट सांगून होईल. लाटंबार्शे गावची गोष्ट आहे, आपल्यातल्याच एका मुलीची. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढं द्या म्हणजे झालं.

गौरवी तिचं नाव. म्हापशाला औषधांच्या दुकानात कामाला. सकाळी सात-चाळीसची बस. ती गाठायची तर घरापासून काजूच्या बागेतून दहा मिनिटांची पायवाट. काजू पिकायला लागले, तसा त्या वाटेवर गुरुदास मोटरसायकल आडवी लावून बसू लागला. बाग मक्त्याने घेतलेल्याचा हा भाचा. अंगात पांढरा शर्ट, तोंडात शीळ. आधी नुसती शीळ, मग नावाने हाक, मग "बॅग हांव धरतां गो!", म्हणजे बॅग मी धरतो म्हणे.

घरी कळलं तेव्हा तिचा बाप, महादेव, एवढंच म्हणाला, "एकदा जरी तिथे काही घडलं, तर दुसऱ्या दिवसापासून तू घरी." मायेनेच म्हणाला बिचारा. पण मायेने लावलेली कडी काही सैल नसते. गौरवी मनात म्हणाली, वाट मी सोडणार नाही आणि कामही सोडणार नाही.

घरात तिची आत्या होती, चंद्रावती. लग्न केलं नाही, मशीनवर गावाचे झगे शिवायची, बोलायची कमी. तिने दोरा तोडता तोडता सांगितलं, "बाबाजीकडे जा. काठी शीक."

बाबाजी म्हणजे गावचे काठी खेळवणारे. सत्तरी गाठलेली. शिगम्याला, होळीच्या दिवसांत, देवळापुढे पोरगे काठी फिरवत निघतात, ते सगळे त्यांच्या हाताखालचे. पोरींना त्या खेळात घेत नाहीत. म्हातारा म्हणाला, "देवळापुढे तुला उभी करता येत नाही, बाय. पण माझ्या गोठ्यामागे कायदा माझा."

त्यांचा पहिला धडा एकच: काठी उचलण्याआधी वाकायचं, उजव्या हाताने माती शिवायची, ती कपाळाला लावायची. "आपली सातेरी देवी म्हणजे वारुळाची माती. जिच्यावर उभं राहायचं, तिला विचारल्याशिवाय पाय हलवायचा नाही." गौरवी विसरली की म्हातारा खेळ थांबवायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. महिन्याभरात हात आपोआप मातीकडे जायला लागला.

पण काठी बसमध्ये कशी न्यायची? म्हणून काम सुटल्यावर ती म्हापशालाच दुसऱ्या गुरूकडे जाऊ लागली. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर प्रज्योत मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवायचा. सर्वण गावचा तरुण, कान मोडलेला, हसरा. तिथे ठोसा, लाथ, पकड, सगळंच. समोरच्याच्या मांड्यांत खांदा घालून त्याचे दोन्ही गुडघे कवळायचे आणि त्याला आडवा करायचा, हा डाव त्याने तिच्याकडून हजार वेळा करून घेतला असेल. तिथेही ती आधी वाकायची, गादीला हात लावायची. प्रज्योत कपाळ बडवायचा.

"अगो, जमिनीला विचारीपर्यंत समोरचा तोंडावर गुडघा देईल! नजर खाली घालायची नाही!"

हे बाबाजींच्या कानावर गेलं. म्हणाले, "आण त्याला. बघूया."

एका रविवारी प्रज्योत गोठ्यामागे हजर झाला. म्हाताऱ्याने माती कपाळाला लावली आणि काठी फिरवली. प्रज्योतने तीनदा आत शिरायचा प्रयत्न केला, तीनदा नडगीवर टक् बसली. चौथ्यांदा मात्र तो काठीच्या आत घुसला, म्हाताऱ्याला कंबरेला धरलं आणि तान्ह्या मुलाला निजवावं तसं गवतावर ठेवलं.

बाबाजी उताणेच हसायला लागले. "आरे, बऱ्याच वर्षांनी आकाश दिसलं!"

"काका, काठी लांबून भारी. पण काठी सुटली की पुढे काय?"

"आणि तुझी गादी काजूच्या बागेत कोण पसरणार? इथे चिरे आहेत, कुसळं आहेत. तू एकाच्या उरावर बसलास की दुसरा पाठीत घालतो. पंच शिट्टी मारायला येत नाही."

प्रज्योतने कान खाजवला. "ते खरं. खाली पाडायचं, पण आपण खाली राहायचं नाही."

"आणि काठीभर लांब उभं राहायचं," बाबाजी म्हणाले. "पण त्या नमनाला नावं ठेवू नकोस हां!"

"ठेवणारच! त्याने मार खाईल ती एक दिवस."

हे भांडण तिथेच राहिलं. निकाल लागला देवळाच्या वर्धापनदिनाच्या सकाळी. संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, म्हणून गौरवी लवकर परत यायचं ठरवून निघाली होती. वाटेवर पिकलेल्या काजूंचा सडा, उन्हात आंबूस वास. मोटरसायकल आडवी. आज गुरुदास नुसता बसून राहिला नाही. उतरला, पुढे आला आणि तिचं मनगट धरलं.

तिने झटक्यात मनगट सोडवलं, दोन पावलं मागे सरली. आणि काय चूक झाली बघा! झुंज लागणार हे अंगाला कळलं आणि सवयीचा हात गेला खाली. ती वाकली, माती शिवली.

गुरुदास खदखदून हसला. "पायां पडटा गो?" हात कमरेवर ठेवून तो अगदी जवळ आला.

तिची नजर खाली होती. समोर त्याचे गुडघे होते. बाकीचं प्रज्योतच्या हजार वेळांनी केलं. खांदा मांडीत, दोन्ही हात गुडघ्यांमागे, आणि जोर. गुरुदास पाठीवर आपटला, फुटलेल्या काजूंवरून हातभर घसरत गेला. ती त्याच्यावर बसली नाही. उठून मागे सरली. झाडाला बोंडं वेचायची काठी टेकून ठेवलेली होती, टोकाला खिळा ठोकलेली. ती उचलून तिने काठीभर अंतरावरून खिळा त्याच्या छातीवर रोखला.

"पडून राहा. माझी बस जाईपर्यंत उठायचं नाही."

आणि सात-चाळीसची बस तिने गाठली.

पण खरी झुंज पुढेच होती. सांगितलं, तर उद्यापासून घरी. नाही सांगितलं, तर हा उद्या दुसऱ्या कुणाचं मनगट धरणार. दिवसभर ती गोळ्यांची पाकिटं मोजत होती आणि हाच विचार करत होती.

संध्याकाळी पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, बुक्का लावला, आरतीचं ताट फिरायला लागलं. सगळा गाव जागेवर असतो ती ही वेळ. गौरवी उठली आणि सकाळी घडलेलं सगळं मोठ्याने सांगून मोकळी झाली.

मागून गुरुदास तिला खोटं पाडायला ओरडला, "फटिंग! खोटें उलयता!"

"मग उभा राहून पाठ दाखव," गौरवी म्हणाली. "काजूचा डाग साबणाला दाद देत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. शर्ट बदललास तर सकाळचा शर्ट घरून आण."

तो काही उठला नाही. त्याच्या मामाने मान खाली घातली.

एक वडीलधारे चुळबुळले. "बाय, ह्या गोष्टी देवळात सांगायच्या का?" महादेव उठून तिचा हात धरायला निघाला. "चल घरी. मी आधीच सांगितलं होतं…"

तेव्हा बायकांमधून चंद्रावती उभी राहिली.

"महादेवा, थांब. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी मी दहावीत होते. तीच वाट, दुसरा कोणी. मी घरी येऊन खरं सांगितलं आणि माझी शाळा बंद झाली. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. आज घरी बसवायचंच असेल तर ज्याने हात धरला त्याला बसवा. ही कामाला जाणार. आणि उद्या तिच्या पुढे मी चालणार."

महादेवाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग बहिणीकडे बघत हळूच म्हणाला, "सात-चाळीसची आहे ना? चुकवू नका."

बुवांनी उत्तररंग सुरू केला.

दुसऱ्या सकाळी बागेच्या तोंडाशी चंद्रावती थांबली. अठ्ठावीस वर्षांनी त्या वाटेवर पाय ठेवायचा होता. ती वाकली, माती शिवली, कपाळाला लावली आणि पुढे चालू लागली. मोटरसायकल नव्हती.

आता माझं मागणं. गौरवीला लोक लक्षात ठेवतीलच, जिंकलेल्याला ठेवतातच. तुम्ही एवढं करा: आरतीचं ताट तुमच्यापुढे येईल, ज्योतीवर हात धराल, तेव्हा खरं बोलून शाळा गमावलेल्या चंद्रावतीची एकदा आठवण करा.