पाववाल्यांच्या घराची पाळी

आमच्या एर्लेनग्रुंड गावात माणूस घराच्या नावानं ओळखला जातो. आडनाव लागतं ते कबरीवर. पाववाल्यांकडे कित्येक पिढ्यांत कुणी पाव विकला नाही, तरी शेजारच्या ओटिलियाकाकू पाववाल्यांच्याच. आणि मी विणकरांची, जरी मला साधं फडकंही विणता येत नाही.

तीस वर्षं चाललेल्या त्या जुन्या युद्धात गाव जळालं, पाळक तापानं गेले. उरल्यासुरल्यांना उपदेश कोण करणार? छप्पर नसलेल्या चर्चमध्ये एका घरानं देवाचं वचन गाऊन सांगितलं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळ मागून उचलली. पुढे छप्पर आलं, नवे पाळकही आले. पण चर्चच्या वाढदिवसाच्या रविवारी अजूनही पाळक खाली बसतात आणि एक घर उपदेश गातं. दर वर्षी पुढचं घर. मी वर्षभर त्या रविवारची वाट बघते. बोललेला उपदेश दारापर्यंत पोचवून परत जातो; गायलेला घरी येतो आणि भांडी घासताना सोबत करतो.

नियम मात्र कडक. ज्याची पाळी चुकली ते घर फेऱ्यातून कायमचं गेलं. बाकावरची त्याच्या नावाची पट्टीसुद्धा काढून टाकतात.

गेल्या युद्धानंतर दुसऱ्या वर्षी पाळी पाववाल्यांवर आली. काकूंचे यजमान आधीच गेलेले, मुलगा रशियात लढाईत पडलेला. काकूंना स्वतःला दम्यानं दोन ओळींत धाप लागायची. घरात दुसरं माणूस एकच, रोसिना. हंगेरीतून आमच्याच भाषेच्या लोकांना हाकलून दिलं, त्यांतली ही विधवा. सरकारनं तिला काकूंच्या माडीवर आणून ठेवलं होतं.

आम्ही तिघी स्वयंपाकघरात केकसाठी आलुबुखार चिरत होतो, तेवढ्यात चर्चचे कारभारी कोनराडकाका विचारायला आले, कोण गाणार?

"रोसिना," काकू म्हणाल्या.

"ती पाववाल्यांची नाही."

"माझ्या चुलीवर जेवते. आजचं सूप तिनंच केलंय. वास आला म्हणून तर आत आलास."

"थट्टा नको, ओटिलिया. परक्या बाईनं आपल्या चर्चमध्ये उपदेश गायचा?"

"परकी कोण?"

"कालपरवा आलेली, दुसरं कोण?"

काकूंनी सुरी खाली ठेवली. "तुझ्या घराला काय म्हणतात रे, कोनराड?"

"स्विसवाल्यांचं. हे काय विचारणं झालं?"

"आणि का म्हणतात?"

त्या जुन्या युद्धानंतर ओसाड गावं भरायला डोंगरांपलीकडून जी उपाशी माणसं आली, त्यांचं ते घर. आम्ही ते नाव रोज घेत होतो, पण कधी नीट ऐकलंच नव्हतं.

"त्याला तीनशे वर्षं झाली," काका पुटपुटले.

"मग तुझ्या पणजोबांचे पणजोबा एके दिवशी कालपरवा आलेलेच असणार."

रोसिनानं मान वर केली नाही. "काकू, मला नाही जमायचं. आमच्याकडची चाल वेगळी आहे."

"असू दे. ती पट्टी निघाली तर माझ्या पोराचं या गावात काय उरलं, सांग."

"फसलं तर तुझं तू बघ," म्हणून काका उठले, आणि जाताना सूप चाखून गेले.

रविवारी धाकटी घंटा वाजली. थोरली युद्धात वितळवायला नेलेली. काकूंची काळी शाल घेऊन रोसिना उभी राहिली. तिनं नोहाचं कबुतर निवडलं होतं, महापुरात तारवातून जमीन शोधायला सोडलेलं. आवाज खालचा, जरा खरबरीत, पण आतून भरलेला. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि तिनं श्वास घेतला.

आमच्याकडे गाणाऱ्यानं श्वास घेतला की ओळ संपली. सगळं गाव एकदम गर्जलं. तिची उरलेली ओळ आमच्या आवाजाखाली बुडाली. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच श्वास घेतला आणि आम्ही पुन्हा धावलो. मागे कुणीतरी हसलं. काकू ती पट्टी तळहातानं झाकून बसल्या होत्या.

रोसिना खाली बसणार, तोच कोनराडकाका उभे राहिले. आता ते तिला थांबवणार, असं वाटलं. पण ते वळले आमच्याकडे.

"मेंढरांसारखे काय धावताय? बाई लांबून आलीय, तिची ओळही लांब आहे. माझा हात खाली येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही." मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "हं, पोरी. कबुतर कुठवर आलं होतं?"

"पाण्यावरच आहे अजून."

"मग तिथून घे."

काकांचा हात वर राहिला. ओळ निघाली, मध्येच दम खाल्ला, घिरट्या घातल्या, आणि संपली असं वाटत असतानाच पुढे गेली. सगळीकडे पाणीच पाणी, पाय टेकायला जागा नाही. शेवटी स्वर उतरला, हात खाली आला आणि आम्ही ती ओळ उचलली. मी पुष्कळ रविवार पाहिले आहेत, पण प्रभू माझ्या इतक्या जवळ बसलाय असं तेव्हाच वाटलं. कबुतर चोचीत पान घेऊन परतलं तोवर काकूंचा हात पट्टीवरून निघाला होता. त्या धापा टाकत शेवटची ओळ गात होत्या.

बाहेर केक वाटताना कुंभारांच्या बहिऱ्या आजोबांनी विचारलं, "यंदा कोण गायलं?"

"पाववाल्यांची रोसिना," काका त्यांच्या कानात ओरडले.

पुढची पाळी स्विसवाल्यांची होती. तो सगळा हिवाळा काका दर शनिवारी काकूंकडे सरपण घेऊन यायचे. भारा जड झाला म्हणून जरा टेकतो, म्हणायचे, आणि टेकले की रोसिनाला ती लांब ओळ पुन्हा म्हणायला लावायचे आणि मागून स्वतः म्हणून बघायचे.

"आधी मध्ये दम खायला शिक," काकू चुलीपासून म्हणायच्या. "मेंढरासारखा धावतोस."