डावा हात वर

पाहुण्यांसाठी बसवलेल्या वर्गाची मला जेवढी किळस येते, तेवढी कशाचीच येत नाही. आणि असले वर्ग बसवण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कोणी नव्हतं, हेही आधीच सांगून टाकते.

आमच्याकडची पद्धत जुनी आहे. निरीक्षक वर्गात आले की बाईंच्या प्रश्नाला झाडून सगळ्या मुलींनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई उजव्या हातांतली एक उठवतात, ती फाडफाड बोलते, निरीक्षक मान डोलावतात आणि चहाला जातात. मी स्वतः शाळकरी असताना गणिताला कायम डावा हात वर करून बसलेली आहे. पुढे नाईलकाठच्या ह्याच गावात, मुलींच्या ह्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि सोळा वर्षं पोरींनाही तेच शिकवलं.

त्या वर्षी शिक्षण संचालनालयातून बारा टॅब्लेट आले आणि त्यांच्यापाठोपाठ उस्ताझ रुश्दी, म्हणजे रुश्दी सर, आले. तीन दिवसांचं प्रशिक्षण. विषय काय, तर शिक्षकाने भाषण ठोकायचं नाही, मुलांनी स्वतः शिकायचं. ह्या विषयावर रुश्दींनी तीन दिवस भाषण ठोकलं. पडद्यावर जे लिहिलेलं असायचं तेच ते वाचून दाखवायचे आणि आम्ही वीस-बावीस बाया ते वहीत उतरवून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. उजवा.

"उस्ताझ, मुलीचा प्रश्न पुस्तकात नसलाच तर काय करायचं?"

"प्रश्न शेवटी, मादाम," ते म्हणाले.

शेवटी सगळ्यांचा फोटो काढला, प्रत्येकीच्या हातात एकेक रंगीत पुठ्ठा देऊन. माझ्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'मी प्रश्न विचारते.'

टॅब्लेटची तर आणखीच गंमत. ते चढले होते आमच्या मुख्याध्यापिका मादाम इन्शिराह यांच्या नावावर. सरकारी वस्तू ज्याच्या नावावर, ती फुटली-हरवली की त्याच्याच मानेवर येते. म्हणून मादामनी सगळे कपाटात ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. "शिकवा ना टॅब्लेटवर, मी कुठे नाही म्हणते?" त्या म्हणायच्या. "फक्त काचेला बोट लावायचं नाही."

पण पडद्यावरचं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. धडा मुलाच्या प्रश्नापासून सुरू होऊ द्या. रुश्दींनी ते जांभई आवरत वाचलं होतं, मला मात्र ते खरं वाटलं. मादामना गोड बोलून, त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस करून मी दोन दिवस विज्ञानाच्या तासापुरते चार टॅब्लेट सोडवले आणि आठवीच्या वर्गाला विचारलं, "पाण्याचा धडा आहे. पाण्याबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

चाळीस पोरी माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. उत्तर कुठल्या पानावर आहे ते मी सांगितलं नव्हतं.

शेवटी विसाल उठली. बाजारात तामियाची, म्हणजे वालाच्या तळलेल्या वड्यांची, गाडी लावणाऱ्याची ही मुलगी. नखं खाणारी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, आणि तोंडाला येईल ते विचारणारी. आमच्याकडे पोरी बाईंना अब्ला म्हणतात.

"अब्ला, आपल्या नळाच्या पाण्याला वास का येतो?"

पोरी खिदळल्या. मी म्हटलं, "शोधून काढ."

तिने काढलं. भावाच्या लेझरच्या खेळण्यातलं मण्याएवढं भिंग दुसऱ्या दिवशी उपसून आणलं, चिकटपट्टीने टॅब्लेटच्या कॅमेऱ्यावर बसवलं आणि काचेच्या पट्टीवर नळाच्या पाण्याचा थेंब घेऊन त्यावर धरलं. टॅब्लेटभर एक तांबडी, गाठीगाठींची अळी वळवळत होती. तिच्या तोंडाशी केस होते आणि ते हलत होते. एक पोर किंचाळली, दुसरी खिडकीशी धावली आणि ओकली.

"अब्ला, हे आपण रोज पितो?" विसालने विचारलं. ती घाबरली नव्हती. तिचे डोळे लकाकत होते. सोळा वर्षांत एकाही पोरीचा तसा चेहरा मी बघितला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी काय घालवलं ते तुम्हाला कळायला हवं.

शाळा सुटल्यावर मी आमचे म्हातारे शिपाई अम्म बय्यूमी, म्हणजे बय्यूमीकाका, यांना घेऊन गच्चीवर गेले. टाकीचं झाकण अर्धं सरकलेलं. आत एक पारवा तरंगत होता, म्हणजे नुसती पिसं, बाकीचा त्याचा रबडा झाला होता. ह्याच टाकीच्या पाण्याचा चहा मी सोळा वर्षं चवीने पीत होते.

"अम्म बय्यूमी, ही धुतली कधी?"

"कागदावर की खरी?" ते म्हणाले.

कागद मादामच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला होता, शिक्क्यासकट. त्याप्रमाणे टाकी मागच्याच महिन्यात धुतलेली होती. मी टॅब्लेट मादामपुढे धरला. अळीच्या आधी त्यांना चिकटपट्टी दिसली.

"हे काय चिकटवलंय गं काचेला?"

"मादाम, अळी बघा."

"बघितली. आता पुसून टाक."

"पोरी हे पाणी पितात!"

"इब्तिहाल, ऐक." त्यांनी दार लावून घेतलं. "रविवारी रुश्दी चित्रीकरणाला येताहेत. तुझा वर्ग, पाण्याचाच धडा, आदर्श म्हणून अख्ख्या जिल्ह्याला दाखवणार. मी सहा महिन्यांनी निवृत्त होतेय बाई, मला टाळ्यांत जायचंय, चौकशीत नाही. आणि तुझं काय? आई अंथरुणाला खिळलेली, घर शाळेच्या पाठीला. कालव्यापलीकडच्या शाळेला विज्ञानाची बाई हवीच आहे. जाशील दोन गाड्या बदलून?"

"निदान टाकी तरी धुवून घ्या."

"चित्रीकरण झालं की घेऊ. आत्ता गच्चीवर माणसं चढवली तर गावभर होईल."

मी टॅब्लेट उचलून बाहेर आले. आईचं कारण खरं होतं. खऱ्या कारणाच्या आड माणसाला किती हलकटपणा करता येतो, ते मला त्या आठवड्यात कळलं.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी, रविवारी शाळा भरते. तोवर पाच दिवस तालीम चालली. बारा पोरींना बारा 'शोध' वाटून दिले. कोणी काय शोधायचं, कोणी कुठे "अय्या, खरंच की!" म्हणायचं, सगळं ठरलं. एकीने अडखळायचं होतं आणि मग एकदम सुचल्यासारखं करायचं होतं. ते अडखळणं आम्ही दहा वेळा बसवलं. टॅब्लेटवर लागणारी चित्रं आधीच उघडून ठेवली, म्हणजे काचेला बोट लागायला नको. पाणी घरून आणा, एवढं मी पोरींना सांगितलं. का, ते विचारायची त्यांना गरज नव्हती, अळी त्यांनी बघितली होती.

विसालला मी व्हरांड्यात गाठलं. "रविवारी तू डावा हात."

"पण मला येतंय, अब्ला."

"म्हणूनच."

तिने अंगठ्याचं नख कुरतडलं. "मग टाकी कधी धुणार?"

"त्यानंतर लगेच. मी बघते."

"वल्लाही म्हणा."

"वल्लाही," मी म्हटलं. अल्लाची शपथ घेताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

रविवारी रुश्दी कॅमेरावाल्याला घेऊन आले. वर्ग असा झाला की बघत राहावं. पोरी गटागटाने वाकल्या, शोध लावले, अडखळणारी ठरल्या जागी अडखळली. मी कोपऱ्यात हात बांधून उभी. "पाहा, पाहा," रुश्दी कॅमेऱ्याला सांगत होते, "शिक्षिका एक शब्द बोलत नाहीये!" बोलायचं ते सगळं मी आधीच बोलून ठेवलं होतं, एवढंच.

संपता संपता त्यांना चेव आला. "आता माझा एक प्रश्न. ह्या शाळेचं पाणी कसं आहे?"

चाळीस हात वर गेले. रुश्दी हसले. "मीसुद्धा ह्याच शाळांतून शिकलोय, पोरींनो. डाव्या-उजव्याची गंमत मला नका दाखवू. ती बघा, ती डाव्या हाताची. ऊठ."

विसाल उठली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी मान हलवली, नाही अशी, कोणाला दिसणार नाही एवढीच.

"स्वच्छ आहे, उस्ताझ," विसाल म्हणाली.

"कशावरून?"

"आम्ही तपासलं."

"वा! शेवट असाच हवा!" रुश्दींनी टाळी वाजवली. "पेला आणा. आपल्या शाळेचं, आपण तपासलेलं पाणी ही मुलगी पिऊन दाखवेल."

दाराशी उभ्या मादाम इन्शिराहचा चेहरा पांढराफटक पडला, पण कॅमेऱ्याकडे बघून त्या हसल्या. अम्म बय्यूमी दोन पेले भरून घेऊन आले. नळाचं आणू नका, असं कॅमेऱ्यादेखत त्यांना कोण सांगणार? पेल्याच्या तळाशी काही हलत होतं का, मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

विसालने पेला दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती प्यायली. सगळा पेला. घोट उतरल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"आता अब्लांनीही!" रुश्दी म्हणाले.

मी हसले. पेला ओठांना लावला, ओठ घट्ट मिटून घेतले, मान मागे टाकली आणि गिळल्यासारखा गळा हलवला. कॅमेऱ्याला कळलं नाही, रुश्दींनाही कळलं नाही. टाळ्या पडल्या. मी पेला टेबलावर ठेवला तेव्हा तो जसाच्या तसा भरलेला होता, आणि विसाल त्या पेल्याकडे बघत होती.

सोमवारपासून ती शाळेत आली नाही. बुधवारी मी तिच्या बापाच्या गाडीवर गेले. "पोट बिघडलंय जरा, होईल बरी," तो म्हणाला. मग कढईतून चार गरम तामिया काढून त्याने माझ्या हातात कोंबल्या. "पैसे काढलेत तर शपथ आहे! तुम्ही माझ्या पोरीला कॅमेऱ्यासमोर उभं केलंत, अब्ला. सगळ्या बाजाराला सांगून झालं माझं." मी त्या तामिया त्याच्यासमोर उभं राहून खाल्ल्या. माझी मला शिसारी आली, तरी खाल्ल्या.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी आणि अम्म बय्यूमी शिडी लावून चढलो आणि टाकी धुतली. कोणी अडवलं नाही, कोणी बघितलंसुद्धा नाही. दोन तास लागले. दोनच तास.

पुढच्या रविवारी विसाल आली. गाल बसलेले, पण आली. त्या तासाला पाहुणे नव्हते, कॅमेरा नव्हता. मी टॅब्लेट आणला, तिचंच भिंग लावलं आणि नळाच्या पाण्याचा थेंब सगळ्यांना दाखवला. थेंबात काही नव्हतं.

"आता विचारा," मी म्हटलं. "काय वाटेल ते विचारा. आज मी कोणाला काही शिकवून ठेवलेलं नाही."

कोणी हललं नाही. मी विसालच्या बाकापाशी गेले. "तू विचार, बेटा. तुझ्या मनात असतंच काहीतरी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.