उडणाऱ्याची आई

आपली बायको गोपिका गेल्याचं रुपरावला नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. तो तिच्यासाठी चहा आणायला फाटकापर्यंत गेला होता. परत आला तर नर्सनं वाट अडवली आणि त्याच्या हातातला थर्मास स्वतःच्या हातात घेतला. तिनं तो का घेतला हे समजायला त्याला वेळ लागला. कावीळच तर होती. माणसं कावीळ होऊन बरी होतात.

उन्हाळ्याचे दिवस, नातेवाईक सगळे तिथंच जमलेले, म्हणून सगळं नागपूरच्याच घाटावर उरकलं. त्यामुळे लेकीनं, जयवंतानं, आईला शेवटचं पाहिलंच नाही. पोरगी सात वर्षांची. रुपराव खापरखेड्याला, पावरहाऊसच्या कॉलनीत परतला तेव्हा ती शेजारच्या तुळसाबाईच्या दारात चिंचोके खेळत होती.

"बाबा, आई कुठं हाय?"

रुपरावच्या तोंडातून जे आधी निघालं ते निघालं. "वर गेली, बाई."

जयवंतानं मान वर केली. पावरहाऊसच्या धुराच्याही वर पाहिलं. "मग येते केव्हा?"

तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. रुपराव घरात शिरला.

आता, या घरात उडणाऱ्या माणसांवर भारी जीव होता हे सांगितलंच पाहिजे. तोंडावर मुखवटा, पाठीवर लांब कापड, भिंत फोडून येणारा असा कोणी पोस्टरवर दिसला की तिघं सुटीच्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये बसलेच म्हणून समजा. रुपरावची त्यात मतं होती आणि ती तो नत्थूच्या चहाच्या टपरीवर कोणालाही ऐकवत असे. ज्याला कधी लागत नाही, ज्याला भीतीच वाटत नाही, तो कसला बहादूर? अशानं डोंगर उचलला तरी रुपरावला कवडीचं कौतुक नव्हतं. डोंगर उचलताना ज्याचे पाय लटपटतात तो खरा. दुसरं मत असं, की पिक्चर शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय बरा-वाईट म्हणू नये. लोक इंटरवलला उठून जातात आणि बाहेर येऊन निकाल देतात, याचा त्याला फार राग.

थेटरात मात्र त्याला एक खोड होती. हिरो उडाला की हा त्याला टांगणारी तार शोधायचा. सापडली की कोपरानं ढोसायचा, "ते पाह्य, तार!" गोपिका चिमटा काढायची. "गप बसा ना जी. उडू द्या त्याले."

गोपिका जाऊन महिना-दीड महिना झाला असेल, तेव्हा नागपुरात नवीन उडणाऱ्याचं पिक्चर लागलं. रविवारी रुपराव पोरीला घेऊन बिस्किटाचा पुडा आणायला टपरीवर गेला. तिथं ऑफिसातले वामनराव पेपरात आलेली त्या पिक्चरची गोष्ट मोठ्यानं वाचत होते.

"'गाणी बरी, मारामारी जास्त. शेवटी नायक आकाशात झेप घेतो व आपल्या मृत मातेला परत पृथ्वीवर आणतो. मायलेकरांची भेट हृदयस्पर्शी.' घे, झालं. पिक्चर पाहाचं कामच नाही."

"शेवटच सांगून टाकला?" रुपराव म्हणाला. "हे काय लिहिणं झालं?"

"तुही बसची चक्कर वाचवली गा त्यानं. आशीर्वाद दे त्याले."

"अन तार?" नत्थूनं डोळा घातला. "तारेबद्दल काही लिहिलं का, वामनराव? नाही तं आमचा रुपराव जेवणार नाही."

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी रुपरावही हसला. जयवंता हसली नाही. ती वामनरावांच्या हातातल्या पेपरकडे बघत उभी होती.

दोन-चार दिवसांनी तो दिवसपाळी करून घराकडे येत होता. क्वार्टर दुमजली, वर मोकळी गच्ची. गच्चीच्या कठड्यावर काहीतरी हिरवं फडफडत होतं. कोणी वाळत घातलं असेल, असं मनात येईतो त्याला साडी ओळखू आली. गोपिकाची. साडीच्या खाली पोरीचे पाय होते.

हाक तोंडातच राहिली. ओरडलं तर दचकेल. त्यानं चपला खालीच काढल्या. जिना चढताना त्याला आपलाच श्वास इतका मोठा ऐकू येत होता, की तो ऐकून पोरगी वळेल असं वाटलं. गच्चीवर पोचून तो वाकून, भिंतीच्या कडेकडेनं गेला आणि दोन्ही हातांनी तिची कंबर धरली.

"हात सोडा ना, बाबा. मी फक्त पाहून राहिली होती."

"काय?" त्यानं तिला कठड्यावरून खाली उतरवलं. "काय पाहून राहिली होती वं?"

"आई किती वर हाय ते. पेपरात आलं ना, तो आणते म्हणून. पन कसा उडते ते लिहिलंच नाही. पिक्चर पाहिलं तं समजंल मले."

गळ्याशी साडीची गाठ पक्की बसली होती. ती सोडायला त्याला कितीतरी वेळ लागला.

खाली तुळसाबाईनं त्याला घोटभर पाणी दिलं. "सांगून टाका ना, भाऊ. लेकरू हाय, रडंल. रडू द्या. असं टांगून काहून ठेवता?"

"सांगतो," रुपराव म्हणाला. पण जेवताना पोरीनं विचारलं, "आईले वर कोण जेवण देते?" आणि त्यानं हातातला घास ताटात ठेवला. त्यानं दुसरी युक्ती काढली. पिक्चर दाखवायचं, अगदी पुढच्या बाकावर बसवायचं आणि तार दाखवायची. पाह्य, दोरीनं टांगलेला माणूस हाय. कोणी उडत नाही.

थेटराबाहेर एकजण गाण्यांच्या चोपड्या विकत होता. पुढं थोडक्यात गोष्ट, मागं गाणी, नेहमीसारखी. रुपरावनं एक घेतली. गोष्ट वाचता वाचता तो थबकला. वामनरावांनी वाचली होती तीच गोष्ट, त्याच ओळी, फक्त हिंदीत. आणि शेवटी छापलं होतं, 'क्या वह अपनी माँ को वापस ला सका? आगे पर्दे पर देखिए.'

म्हणजे पेपरवाल्यानं पिक्चर पाहिलंच नव्हतं. चोपडी वाचून घरी लिहिलं होतं आणि शेवट आपल्या मनानं लावून दिला होता. खरा शेवट काय ते रुपरावला आता ठाऊक नव्हतं. हिरोनं आई परत आणली तर पोरगी उद्याच कठड्यावर चढेल. नाही आणली तर काय होईल, हे त्याला कळेना. "चला ना, बाबा," जयवंता हात ओढत होती.

अंधार झाला. हिरो उडाला तसा रुपराव पुढं झुकला. डोक्यावर पाहिलं, खांद्यापाशी पाहिलं, कमरेपाशी पाहिलं. तार नव्हती. या लोकांनी काम फार चांगलं केलं होतं. तार दिसू दे म्हणून तो रामटेकच्या रामाला हात जोडत राहिला आणि हिरो वर पांढऱ्या ढगांत, कापड उडवत, मोकळा फिरत राहिला.

शेवटी तो आईपाशी पोचला. हात पुढं केला. आईनं 'नाही' म्हणून मान हलवली. तो तसाच परत आला, एकटा, आणि गावाबाहेर उतरून रडला. मागून कोणी ओरडलं, "काय यार, आणलीच नाही!" रुपरावनं पडदा सोडून पोरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. हिशोब मांडल्यासारखी बघत होती.

बस स्टँडवर ती म्हणाली, "पेपरवाला खोटारडा हाय."

"हो. त्यानं पाहिलंच नाही."

"अन तो उडणारा बी येडा. तिनं मान हलवली तं लगेच वापस! माही आई मले पाहून नाही म्हणणारच नाही." मग जरा थांबून, "तार नोती ना, बाबा?"

"होती."

"तुमाले दिसली?"

"दिसली."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "खोटं. दिसली असती तं तुमी ढोसलं असतं. तुमी बी पेपरवाल्यावाणी."

बसमध्ये ती त्याच्या मांडीवर झोपली. घर येईपर्यंत तिच्या फ्रॉकचा घोळ त्यानं मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. वरच्या बिऱ्हाडातल्या बायका पापड कुठं वाळवायचे म्हणून भांडल्या, तेव्हा ते काढावं लागलं. आता तो पाळीवर असला की तुळसाबाई जिन्यात बसते. पाळीवर त्याचं चित्त लागत नाही. भोंगा झाला की तो जवळजवळ पळतच घरी येतो आणि वळणावरूनच गच्चीकडे पाहतो.

आई मेली, ती येणार नाही, हे त्यानं जयवंताला अजून सांगितलेलं नाही.