हाताचा मुका

लुत्सियाननं टोपी काढली, कमरेत वाकला आणि व्हांदाबाईंच्या हाताचा मुका घेतला. "मी लुत्सियान. आपली ओळख झाल्याचा आनंद आहे."

सकाळपासून ही ओळख तिसऱ्यांदा होत होती.

त्याची बायको यादविगा पटकन त्याच्याजवळ सरकली. प्रागच्या पुलावर जमलेल्या पेन्शनर मंडळाच्या बायका मात्र खिदळल्या. "शिका जरा!" एकीनं नवऱ्याला कोपर मारलं. "माझ्या हाताला तुम्ही आजवर फक्त खरकटी भांडी लावलीत."

पोलंडमधल्या त्यांच्या बोख्निया गावात जुन्या वळणाच्या पुरुषानं बाईचा हात ओठांना लावला, की त्याचे निम्मे गुन्हे माफ होतात. लुत्सियानचं विसरणंही वर्षभर याच रिवाजाआड लपलं होतं.

प्रागची ही दोन दिवसांची सहल. अध्यक्ष व्हांदाबाईंचा नियम एकच: डोकं ठिकाणावर असेल त्यानंच यावं. कुणाचं नसल्याचं दिसलं, तर त्या तिथल्या तिथं त्याच्या मुलांना फोन लावत. यादविगाच्या मुलानं तर वडिलांसाठी वृद्धाश्रमात खाट बघून ठेवली होती. त्याला फक्त निमित्त हवं होतं. तरी ती आली. प्राग दाखवायचं लुत्सियाननं लग्नात कबूल केलं होतं. कबूल करणाराच विसरून जाण्याआधी वसुली करावी, एवढाच तिचा हेतू.

वसुली झाली ती अशी: चौकातल्या घड्याळाचे बाहुले बाहेर आले तेव्हा ती नवऱ्याची बाही धरून उभी होती, आणि किल्ल्यावर त्याच्या पाठीवर नजर रोखून. शंभर मनोऱ्यांचं शहर म्हणतात. तिच्या वाट्याला एक राखाडी कोट आला.

"लुत्सियानसाहेब," हात मागे न घेता व्हांदाबाई म्हणाल्या, "दर वेळी नव्यानं ओळख? काल रात्री मी तुमच्या शेजारीच जेवले. काय होतं हो ताटात?"

हसणं थांबलं. यादविगानं तोंड उघडलं.

"तुम्ही नाही, यादविगाबाई. त्यांना सांगू द्या." व्हांदाबाईंच्या दुसऱ्या हातात फोन आला होता.

लुत्सियाननं नदीकडे पाहिलं, मग कठड्यावरच्या दगडी संताकडे. दोघांपैकी कुणीही मदत केली नाही.

"बाईसाहेब," तो शेवटी म्हणाला, "शेजारी तुम्ही असताना ताटाकडे बघेल तो मूर्ख."

टाळ्या पडल्या. व्हांदाबाई कानापर्यंत लाल झाल्या. "चावट कुठले! चला, बस थांबायची नाही!" फोन पर्समध्ये गेला, पर्सची चेन मात्र पटकन लागेना.

परतीच्या बसमध्ये घरून आणलेली उकडलेली अंडी सोलली गेली, मागच्या बाकावर गाणी सुरू झाली. यादविगानं दोन दिवसांत पहिल्यांदाच पाठ टेकली. निभावलं, तिला वाटलं.

लुत्सियान डुलकीतून जागा झाला. त्यानं शेजारी पाहिलं, टोपी काढली आणि अदबीनं तिचा हात उचलला.

"मी लुत्सियान. आपली ओळख झाल्याचा आनंद आहे. एकट्याच निघालात?"

पलीकडच्या सीटवरून व्हांदाबाई बघत होत्या. "बायकोशीसुद्धा! नशीब लागतं हो."

यादविगा हसली. हसणं भागच होतं.

"मी यादविगा," ती म्हणाली आणि तिनं माहेरचं आडनाव सांगितलं. "एकटी नाही. सोबत आहे."

हात तिनं त्याच्याच हातात राहू दिला, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या अंड्यावर त्याला आवडतं तेवढं मीठ भुरभुरलं.